वेलनेस स्टार्टअपच्या प्लॅनमधले ‘रुपयाला तीन रुपये’ कुणाच्या खिशातले?

हिशेबनीस:
काल या मंचावर कारखान्यांसाठीच्या वेलनेस स्टार्टअपचा नमुना बिझनेस प्लॅन आला. योगवर्ग, समुपदेशन, ॲप, माणशी महिना १५० रुपये आणि पान दोनवर ‘वेलनेसवर घातलेल्या रुपयाला तीन रुपये परत’. नवी पोरं हेच उतरवून बँकेत नेतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो आकडा अमेरिकेतला. २०१० मध्ये कॅथरिन बेकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज करून डॉलरमागे ३.२७ डॉलर उपचारखर्च वाचतो असं मांडलं. त्याच बेकरबाईंनी झिरुई साँगबरोबर सोडतीने निवडलेल्या ठिकाणीच वेलनेस कार्यक्रम देऊन बाकीच्यांशी तुलना केली, सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांची. तो २०१९ मध्ये आला. दीड वर्षात उपचारखर्च, रक्तदाब, गैरहजेरी, कशातच ठळक फरक नाही.

शिवाय तिथल्या मोठ्या कंपन्या उपचाराचं बिल स्वतः भरतात. चाकणच्या कारखान्यात २१ हजारांपर्यंत पगाराचा माणूस ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात असतो. मालकाचा हप्ता पगाराच्या ३.२५ टक्के, कामगार आजारी पडो न पडो. आजारपणाचा ७० टक्के पगारही ईएसआयसीच देते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. मग वाचलं कुणाचं?

शॉपफ्लोअर:
पगार ईएसआयसी देते, पण लाइनवर उभा राहायला माणूस देते का? ऑपरेटर आला नाही की दुसऱ्याला थांबवायचं आणि कायद्याने दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यायचा. प्लॅनमध्ये हा आकडा घ्या. गेल्या बारा महिन्यांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट मागा, सोमवार आणि पगारानंतरचे दोन दिवस वेगळे काढा. अमेरिका कशाला हवी?

हिशेबनीस:
मस्टरचं मान्य. पण पगारानंतरची दांडी योगवर्गाने कमी होते हे कुणी दाखवलंय? तुम्ही खर्च दाखवलात, बचत नाही.

समुपदेशक:
दोघेही कारखान्यातच अडकलात. हिंजवडीच्या आयटी कंपनीला ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कर्मचाऱ्यांचा एकत्रित आरोग्यविमा असतो. यंदाचे क्लेम वाढले की पुढच्या वर्षी प्रीमियम वाढतो. तिथे बचतीला जागा आहे.

हिशेबनीस:
जागा आहे, पण लहान. क्लेमचा मोठा भाग अनेकदा आईवडिलांचा आणि बाळंतपणाचा. योगवर्गाला बसतो तिशीतला पोरगा. आधी क्लेमची फोड मागा.

उद्यमी:
बचतीवर भांडताय, पण हा प्लॅन त्याआधीच बुडतो. एका कारखान्यात कायम कामगार ४०० धरा, म्हणजे महिना ६०,०००. तीन शिफ्ट, आठवड्याला दोन वर्ग, महिन्याचे २४. वर्गाला १,२०० धरले तर २८,८००. समुपदेशक आठ दिवस, ३,००० प्रमाणे २४,०००. समन्वयकाच्या पगारातला वाटा ८,५००. झाले ६१,३००, प्रवास वेगळा.

आणि ते साठ हजार हातात कधी येणार? हजेरीपत्रकावर एचआरची सही, मग सर्व्हिस एंट्री, म्हणजे काम झाल्याची कंपनीच्या सिस्टिममधली नोंद, मग बिल नोंद. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दहा टक्के टीडीएस, म्हणजे बिलातूनच आयकर कापला जातो तो वेगळा. चार कारखाने आणि तीन महिन्यांची उधारी धरली तर सव्वासात लाखांच्या वर रक्कम अडकते. नमुन्यात खेळतं भांडवल ही ओळच नाही!

हिशेबनीस:
उद्यम नोंदणी करा, म्हणजे सरकारदरबारी छोटा उद्योग म्हणून नोंद. मग लेखी करार असला तरी कंपनीला ४५ दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ.

उद्यमी:
व्याज मागितलं की पुढची पीओ येत नाही. चार गिऱ्हाइकांतलं एक गेलं तर पाव धंदा गेला.

हिशेबनीस:
मागायची गरजच नाही. १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट कंपनीला ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात मिळत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, अकाउंट्सवाले स्वतः फोन करतील.

उद्यमी:
मार्चमध्ये करतील! ऑगस्टचं बिल डिसेंबरात दिलं तरी त्याच आर्थिक वर्षाची वजावट मिळते. म्हणजे वर्षाचे आठ-नऊ महिने तुमचा नियम छोट्या माणसाच्या कामाचा नाही. हे न सांगता पोरांना धीर देऊ नका. यावरच कर्ज काढतात लोक.

हिशेबनीस:
ठीक. मार्चपुरतं म्हणायला हवं होतं. पण मग तिमाही आगाऊ बिलाची अट घाला. ती न मानणारं गिऱ्हाईक पहिल्या वर्षी नकोच.

समुपदेशक:
आगाऊ पैसे दिले की एचआर यादी मागतं, समुपदेशनाला कोण आलं होतं त्याची. करारात लिहा: नावं नाहीत, दहापेक्षा लहान गटाचा अहवाल नाही. हे न लिहिता गेलात तर दुसऱ्या महिन्यात खोलीत कुणी येत नाही.

शॉपफ्लोअर:
खोली कुठे आहे तेही लिहा. एचआरच्या काचेच्या केबिनशेजारी असेल तर पहिल्या महिन्यातही येणार नाहीत. वर्गाची वेळही पाहा. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, बस पावणेचारला निघते आणि नमुन्यात योग चारला आहे. ज्याची बस चुकली तोच बसेल. वर्ग शिफ्टच्या आत, पगारी वेळेत हवा. त्या अर्ध्या तासाचं उत्पादन प्रॉडक्शनवाला सोडणार का, हे सही करायच्या आधी त्यालाच विचारा, एचआरला नाही.

उद्यमी:
अर्धा तास गुणिले ४०० माणसं. हा खर्चही प्लॅनमध्ये कुणी धरलेला नाही.