विषय: पिस्तूल परवान्यांचा नकाशा

नमस्कार मंडळी,

'जर्नल न्यूज' या पेपरने न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या दोन काउंटींमधल्या (जिल्ह्यांमधल्या) पिस्तूल परवानाधारकांचा नकाशा शुक्रवारी, १८ जानेवारी २०१३ला, वेबसाइटवरून काढून टाकला. मला हे पटलेलं नाही. डिसेंबर २०१२मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत झालेल्या गोळीबारात २० मुलं गेली. नातवाला शेजारी खेळायला पाठवताना त्या घरात पिस्तूल आहे का, हे आपल्याला कळायला नको? माहिती सरकारदप्तरी होती, पेपरने कायद्याने मागितली, मिळाली. यात गैर काय?

– काका, व्हाइट प्लेन्स

*

काका, नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे, पण नकाशाने ती मिटत नव्हती. ठिपक्यावर क्लिक केलं की नाव आणि घराचा पत्ता, बस्स. पिस्तूल खरंच घरात आहे का, असलं तर कुलपात आहे का, याचा पत्ता नाही. शिवाय २०१३मध्ये आपल्याकडे रायफल किंवा शॉटगन घ्यायला हा परवाना लागतच नव्हता. न्यूटाउनच्या मुलांवर झाडली ती रायफलच होती. म्हणजे ज्या घरावर ठिपका नाही, ते निर्धोक समजून तुम्ही नातवाला पाठवणार!

मी एका हेल्पलाइनवर फोन घेते. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायका आधी एकच विचारतात, "त्याला माझा पत्ता कळणार नाही ना?" हातात कोर्टाचा मनाई हुकूम असतो, तरी टपालपेटीवर नाव लावत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी स्वतःच्या रक्षणासाठी परवाना काढला असेल, तर तिचा पत्ता पेपरने आयता त्याच्या हातात दिला. रॉकलंडच्या शेरीफनी तर सांगितलं, की तुरुंगातले कैदी पहारेकऱ्यांना त्यांच्याच घरचे पत्ते ऐकवू लागलेत.

कचेरीत अर्ज करून एखादं नाव बघणं निराळं आणि दोन काउंटींतली हजारो घरं चव्हाट्यावर मांडणं निराळं. झिपकोडनिहाय आकडे छापले असते तरी मुद्दा पोचला असता. शेजारच्या पटनम काउंटीच्या क्लार्कनी (नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी) पेपरला यादी द्यायला नकार दिला, ते उत्तम केलं. पुढे चिडलेल्या लोकांनी पत्रकारांचेही पत्ते नेटवर टाकले, धमक्या दिल्या. पेपरला सशस्त्र पहारा ठेवावा लागला. तेही तितकंच वाईट.

१५ जानेवारी २०१३ला सही झालेल्या न्यूयॉर्कच्या 'सेफ ॲक्ट' या बंदूक-नियंत्रण कायद्यानुसार, जिवाची भीती वा छळाची शक्यता अशी कारणं देऊन आपली माहिती गुप्त ठेवायचा अर्ज करता येतो. आपल्यात कुणाकडे परवाना असेल तर तो जरूर करा.

– ताई, नायॅक

*

ताई, त्या बायकांबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं. पण मग नातवाचं काय करू?

– काका

*

काका, सरळ फोन करून विचारा. मुलीला पाठवण्याआधी मी तिच्या मैत्रिणीच्या आईला शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल सांगते, कुत्रा आहे का विचारते, त्यातच बंदुकीचंही विचारते. आजवर कुणी राग मानला नाही. 'आहे' म्हणाले तर कुलपात असते का आणि गोळ्या वेगळ्या ठेवता का, तेही विचारा. उत्तर पटलं नाही तर मुलांना आपल्याकडे खेळायला बोलवा.

– ताई