जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांपुढे मराठी अर्थ लिहून द्यावेत का?

धागाकर्ता, अमळनेर : दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना माझे मत पक्के होत चालले आहे की, अर्थाने जवळजवळ असलेल्या इंग्रजी शब्दांपुढे मराठी प्रतिशब्द लिहून देण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या दोहोंपुढे वहीत ‘उसने’ असे लिहिले जाते, त्यातले घेणे-देणे गळून पडते आणि मग मुलगा शेजाऱ्याकडे पेन मागताना ‘बॉरो मी युअर पेन’ म्हणतो. तीच गत ‘शेड’ आणि ‘शॅडो’ची. ४५ अंशांच्या उन्हात आपण कडुनिंबाखाली बसतो ती शेड आणि भिंतीवर आपली आकृती उमटते ती शॅडो. वहीत मात्र दोन्हीकडे ‘सावली’.

प्रतिसाद, रावेर : सर, मी पूर्णतः असहमत आहे. हा दोष मराठीचा नसून अर्धवट उतरवलेल्या अर्थाचा आहे. शॅडोसाठी ‘पडछाया’ हा शब्द असताना तो मुलांना सांगायचा नाही आणि वर मराठीलाच अपुरी ठरवायचे, हे काही पटत नाही. ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ पाहा. भूगोलाच्या मराठी पुस्तकात रोज बदलते ती ‘हवा’ आणि दीर्घकाळाची, साधारणतः ३० वर्षांची, सरासरी ते ‘हवामान’, इतका स्वच्छ भेद केलेला असतो.

धागाकर्ता : मग आपण केळीसाठी जो ‘हवामान आधारित फळपीक विमा’ उतरवता, त्याच्या इंग्रजी नावात ‘वेदर’ का आहे? भरपाई त्या हंगामातल्या तापमानावर आणि वाऱ्यावर ठरते, म्हणून इंग्रजी शब्द अचूकच आहे. ३० वर्षांच्या सरासरीवर कोणी विमा देणार नाही. परंतु पुस्तकातले हवामान म्हणजे क्लायमेट आणि विम्याच्या कागदावरचे हवामान म्हणजे वेदर, तर मुलाने कोणते धरावे?

प्रतिसाद, धुळे : ‘ऐतिहासिक’ या शब्दाने तर याहून मोठा घोळ होतो. १९३६ साली फैजपूरला भरलेले काँग्रेसचे अधिवेशन ग्रामीण भागातले पहिले, म्हणून ते ‘हिस्टॉरिक’; त्या काळाविषयीची साधी कागदपत्रे ‘हिस्टॉरिकल’. मराठीत दोन्ही ऐतिहासिकच. मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद, शिरपूर : ही सीमारेषा आपण समजतो तितकी पक्की नाही. जुन्या वास्तूला इंग्रजीत सर्रास ‘हिस्टॉरिक बिल्डिंग’ म्हणतात, मग तिथे काही युगप्रवर्तक घडलेले असो वा नसो. ज्या भेदाकडे खुद्द इंग्रज काणाडोळा करतात, त्यावर आपण मुलांचे गुण कापावेत का? बॉरो-लेंडची गोष्ट वेगळी, कारण तिथे चुकले तर उसने कोणी दिले आणि कोणी घेतले हेच उलटे होते.

प्रतिसाद, रावेर : विम्याचा मुद्दा मला मान्य आहे; तो कागद मीही कधी त्या नजरेने वाचला नव्हता. तरीही ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ अशी पूर्ण क्रियापदे लिहून दिली, तर इंग्रजी वाक्याच्या आधीच मुलाला भेद कळेल, यावर मी ठाम आहे.

धागाकर्ता : बॉरो-लेंडपुरते मी माघार घेतो आणि उद्यापासून क्रियापद पूर्ण लिहून देतो. ‘पडछाया’ मात्र नको; तो शब्द समजावण्यासाठी मला पुन्हा ‘सावली’च म्हणावे लागेल.