जीआरई : मॉकवर मॉक देतोय, क्वांट १५९च्या वर जातच नाही

शून्यशेष

नमस्कार मंडळी. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेची तारीख घेऊन बसलोय, हातात जेमतेम पाच आठवडे. महिनाभर एक दिवसाआड पूर्ण मॉक (सराव पेपर) देतोय. व्हर्बलची, म्हणजे इंग्रजीच्या भागाची तक्रार नाही, पण क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, १७० पैकी १५६ ते १५९ मध्येच घुटमळतंय. काल १५९ आला तेव्हा वाटलं, चला, सुटलो. आज परत १५६. मला निदान १६५ हवेत.

आता रोज एक मॉक सुरू करू का? आणि पॉवरप्रेप या अधिकृत सराव परीक्षेच्या फुकट मिळणाऱ्या दोन्ही टेस्ट अजून शिल्लक ठेवल्यात, त्या आत्ता देऊ की अगदी शेवटी? अर्धविराम ताईंनी मागे क्वांटबद्दल छान लिहिलं होतं, त्यांना हा धागा दिसला तर बरं होईल.

कोराकागद

रोज एक द्या, बिनधास्त. हात बसतो, भीती मोडते. मला तरी फायदा झाला.

अर्धविराम

दिसला धागा :)

कोराकागद, भीती मोडायला मॉक उत्तमच, पण यांची भीती केव्हाच मोडलेली दिसतेय. अडलंय दुसरीकडे.

शून्यशेष, आधी एक गोष्ट. १५६ आणि १५९ हे माझ्या लेखी एकच स्कोअर आहेत. तयारी तीच असली तरी नुसता प्रश्नसंच बदलला की एवढं इकडेतिकडे होतं. त्यामुळे कालचा आनंद आणि आजचं दुःख, दोन्ही मनावर घेऊ नका.

मॉक संपल्यावर तुम्ही काय करता, हे पोस्टमध्ये कुठेच नाही. पेपर १ तास ५८ मिनिटांचा. माझ्याकडे क्वांट शिकायला येणाऱ्यांना मी सांगते की पेपरला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ तो उसवायला द्या. एक दिवसाआड मॉक देऊन हे कोणालाच जमत नाही. तेव्हा मॉक आठवड्याला एक, फार तर दोन.

उसवायचं म्हणजे स्पष्टीकरण वाचून ‘हां, बरोबर’ म्हणायचं नाही. स्पष्टीकरण झाकून ठेवा, टायमर बंद करा आणि चुकलेला प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. अंदाजाने टिक केलेले पण नशिबाने बरोबर आलेलेही घ्या, आणि ज्यांनी अडीच-तीन मिनिटं खाल्ली तेही. मग कळतं की कुठला प्रश्न मुळात येतच नव्हता, कुठला येत होता पण वेळेत झाला नाही, आणि कुठला येत असून हातचा गेला. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. नुसता स्कोअर बघून यातलं काहीच समजत नाही.

हातच्या गेलेल्यांपुढे लोक वहीत ‘सिली मिस्टेक’ लिहितात. माझ्याकडे त्याला बंदी आहे. उदाहरण देते. क्ष हा शून्यापेक्षा मोठा आहे. अ रकान्यात क्षचा वर्ग, ब रकान्यात नुसता क्ष. मोठं कोण? मुलं २ घालतात, ३ घालतात, ‘अ मोठा’ म्हणून मोकळी होतात. १ घातला तर दोन्ही सारखे, अर्धा घातला तर ब मोठा, म्हणजे उत्तर ‘सांगता येत नाही’. आता वहीत ‘घाईत चुकलं’ लिहिलंत तर उद्या काय करणार? ‘१ आणि अपूर्णांक घालून बघितले नाहीत’ लिहिलंत तर उद्यापासून प्रत्येक तुलनेच्या प्रश्नात ते घालून बघाल. (जाता जाता : दोन्ही रकान्यांत नुसत्या ठरावीक संख्या असतील, चल नसेल, तर ‘सांगता येत नाही’ हा पर्याय बघायचाही नाही.)

मॉकमधला पहिला क्वांट सेक्शन वेगळा काढून बघा. १२ प्रश्न, २१ मिनिटं. तो कसा गेला यावर दुसरा, १५ प्रश्नांचा, किती अवघड येणार ते ठरतं. पहिल्यात सोपे प्रश्न सांडले की दुसरा सेक्शन सोपा येतो, आणि मग तो अख्खा बरोबर सोडवला तरी वरचे गुण हाती लागणं कठीण. १६५ हवेत तर पहिल्या बारांत सांडलवंड परवडणार नाही. एखाद्या प्रश्नाशी झटापट सुरू झाली की मार्क करा, पुढे जा. सेक्शन संपेपर्यंत परत येता येतं. आणि रिकामं काहीही सोडू नका, निगेटिव्ह मार्किंग नाही.

पॉवरप्रेप : एक या आठवड्यात, दुसरी परीक्षेच्या साधारण दहा दिवस आधी. बाकीच्या मॉकचा स्कोअर हा ज्याने त्याने बांधलेला अंदाज असतो. पॉवरप्रेप परीक्षा घेणाऱ्या ईटीएसचीच आहे. तीच टेस्ट परत देता येते, पण प्रश्न तेच, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेला स्कोअर धरायचा नाही.

शून्यशेष

ताई, खूप आभार. लगेच आजचाच पेपर उघडून बसलो. क्वांटचे चुकलेले निम्म्याहून जास्त प्रश्न टायमर काढल्यावर आपोआप सुटले! म्हणजे वेळेचं दुखणं म्हणायचं का? अजून एक, माझ्याकडे २०२३च्या आधीच्या जुन्या टेस्ट पडून आहेत, २० प्रश्नांच्या सेक्शनवाल्या. टाकून देऊ?

अर्धविराम

अजिबात टाकू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये पेपर छोटा झाला, दोनातला एक निबंध गेला, पण क्वांटच्या प्रश्नांची जात बदलली नाही. वेगही तोच. तेव्हा ३५ मिनिटांत २० होते, आत्ता २१ मिनिटांत १२, दोन्हीकडे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. जुन्या सेक्शनमधले १२ प्रश्न काढा, २१ मिनिटं लावा. रोज एवढंच. पूर्ण मॉकपेक्षा यानेच वेळेचं दुखणं हटेल.

आणि वेळ जातो कुठे ते बघा. माझा पहिला संशय स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर. २४० चे १५ टक्के काढायलासुद्धा माउस हातात घेणारे बघितलेत मी. दहा टक्के २४, त्याचे निम्मे १२, झाले ३६. तेवढ्यात कॅल्क्युलेटरची खिडकीही उघडून होत नाही. तो ठेवायचा भागाकार अंगावर आला की.

पिंपळपान

अर्धविराम यांना +१. पण कोराकागद यांचंही अगदीच चूक नाही हो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने बघितलं तर वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना जास्त आठवत होतं. म्हणजे परीक्षा देण्यानेही शिकणं होतंच. फक्त त्यासाठी दर वेळी पूर्ण पेपर लागत नाही, ताईंचे १२ प्रश्नही परीक्षाच की.

शून्यशेष, मॉकमध्ये निबंध लिहिता ना? बहुतेक जण गाळतात. तो ३० मिनिटांचा आणि कायम सुरुवातीलाच असतो. गाळला की मॉक उरतो ८८ मिनिटांचा, आणि तुम्ही ताज्या डोक्याने क्वांटला बसता. खऱ्या परीक्षेत तसं नसतं, मधे ब्रेकही नाही.

शून्यशेष

निबंध गाळतच होतो :( आजपासून धरतो. शेवटचं विचारतो : दुसऱ्या पॉवरप्रेपमध्येही १६०च्या आतच राहिलो तर?

अर्धविराम

म्हणून तर दहा दिवस आधी म्हटलं. बहुतेक ठिकाणी तारीख परीक्षेच्या चार दिवस आधीपर्यंत बदलता येते, ज्यादा पैसे भरून. अर्जांची मुदत लांब असेल तर बदला. जवळ असेल तर ठरल्या दिवशी देऊन टाका. २१ दिवसांनी परत बसता येतं आणि कुठला स्कोअर पाठवायचा ते तुमच्या हातात असतं. तेवढी अर्जाची शेवटची तारीख कॅलेंडरवर आत्ताच बघून इथे टाका, मग आठवडे मोजू.