मदत हवी आहे: इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग हायवेवर फार हलकं लागतं, सेटिंग कुठून होते?

पांदणरस्ता
मंडळी, जरा लवकर सांगा. गाडी 70-80 च्या वर गेली की स्टेअरिंगमध्ये हाताला काहीच लागत नाही. वळणावर फिरवलं की तिथंच राहतं, वापस येत नाही, मलाच ओढून सरळ करावं लागतं. गावात, पार्किंगला मस्त हलकं आहे, त्याची तक्रार नाही. या स्टेअरिंगचं वजन वाढवायची सेटिंग असते असं ऐकलं. कुठं असते? गॅरेजवाला म्हणतो "असंच असते या गाडीचं". सोमवारी आईला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यायचं आहे.

वर्धेकर
गाडी कोणती? किती सालची? किती चालली?

कास्तकार_७२
पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बदलून पाय भाऊ. माह्या जीपचं असंच झालं होतं, ऑइल टाकलं अन् गाडी एकदम सुधरली.

जुना_फिटर
काकाजी, तुमच्या जीपचं हायड्रॉलिक असेल. इलेक्ट्रिकमध्ये तेल नसतेच, पंपही नसतो. स्टेअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डखाली मोटर असते. आपण किती जोर लावतो ते टॉर्क सेन्सर मोजतो, गाडीचा वेग कंट्रोल युनिटला कळतो, त्यावरून मोटर किती मदत करायची ते ठरते. हळू चालताना जास्त, वेगात कमी. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलं असते. छोट्या गाडीत वजन कमी-जास्त करायचा स्क्रू शोधत बसू नका, तो नाही.

धागा टाकणाऱ्याने आधी हे सांगावं: स्टेअरिंगचा पिवळा लाइट लागतो का? स्पीडोमीटर नीट चालतो का? वेगाचा सिग्नलच पोचत नसेल तर ती वेगळी भानगड आहे.

पांदणरस्ता
आठशे सीसीवाली छोटी, 2016 ची, 82 हजार किमी. लाइट लागत नाही. स्पीडोमीटर बरोबर आहे. मग आता करायचं काय?

रिमवाला
युट्यूबवर पाहिलं आहे, टॉर्क सेन्सरच्या वायरमध्ये रेझिस्टर टाकला की मोटर मदत कमी करते अन् स्टेअरिंग भारी होते. खर्च काहीच नाही.

जुना_फिटर
हे कृपा करून कोणी करू नका. सेन्सरमधून दोन सिग्नल येतात अन् कंट्रोल युनिट ते एकमेकांशी ताडून पाहते. जुळले नाहीत की मदत बंद. वळणावर अर्ध्यात स्टेअरिंग दगडासारखं झालं तर आईला घेऊन चाललेला माणूस काय करेल?

रिमवाला
माझ्या मित्राने केलं आहे, वर्ष झालं, काही झालं नाही.

जुना_फिटर
झालं नाही म्हणून बरोबर होत नाही. मी तीस वर्षं स्टेअरिंग खोलतो आहे, यात जुगाड नको.

वर्धेकर
टायर कोणते आहेत? कंपनीचेच?

पांदणरस्ता
टायर मागच्या दिवाळीला बदलले. 145/80 आर 12 होते, आता 155/65 आर 13, अलॉय रिमसकट. हवा 40 ठेवतो. पंक्चरवाला म्हणाला आमच्या रस्त्याला जास्तच बरी.

वर्धेकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं भाऊ! 40 म्हणजे टायर फुगून रस्त्याला कमी टेकतो, स्टेअरिंग आणखी हलकं होते अन् वापस यायचा जोरही कमी होतो. ड्रायव्हरच्या दरवाज्यापाशी खांबावर स्टिकर आहे, त्यावर आकडा पाहा. टायर वेगळे आहेत तरी 40 च्या जवळपास जायचं कारण नाही. हवा सकाळी, गाडी थंड असतानाच भरजो. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते ते, बदलला असेल तर त्यानेही फरक पडतो.

नागपूर_रोजचा
मी येळाकेळीवरून समृद्धीवर चढतो. डिसेंबर 2022 ला शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून नेमाने. माझं एकच सांगणं, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा अन् शेवटचे दोन साल. ते पाहिल्याशिवाय टायर घेऊ नका. दुकानात पडून राहिलेले जुने टायरही नवे म्हणून खपवतात. अन् छोट्या गाडीने तिथं 120 पळवू नका, मर्यादा आहे म्हणून गाठायलाच पाहिजे असं नाही.

कास्तकार_७२
पण त्याचं स्टेअरिंग वापस येत नाही ना. हवा कमी केल्याने येईल का? मले नाही वाटत. तिरपी चालते का गाडी, हात सोडला त?

जुना_फिटर
काकाजींनी बरोबर धरलं. हलकं लागणं एक, वापस न येणं दुसरं. दुसऱ्यात बहुतेक वेळा कुठंतरी अडकलेलं असते. पांदणरस्ता, समोरचं काही काम केलं का एवढ्यात? शॉकअप, लोअर आर्म, रॅक?

पांदणरस्ता
हो, पोळ्याच्या आधी समोरचे दोन्ही शॉकअप बदलले. पण त्याचा स्टेअरिंगशी काय संबंध? नंतर अलाइनमेंटही करून घेतली.

जुना_फिटर
तिथंच आहे संबंध. शॉकअपच्या वर बॉनेटखाली माउंटिंग असते, त्यात बेअरिंग. स्टेअरिंग फिरवलं की अख्खा शॉकअप त्या बेअरिंगवर फिरतो. शॉकअप नवे टाकले अन् बेअरिंग जुनंच ठेवलं असेल तर ते जाम झालेलं असू शकते. मग स्प्रिंग पिळते, स्टेअरिंगला मोकळं होऊ देत नाही. अलाइनमेंटने ते निघत नाही, तिथं समोरचा फक्त टो बसतो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते.

घरीच पाहा. गाडी उभी, हॅंडब्रेक वर, चाकामागे दगड. एकाने स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकाला फिरवायचं. दुसऱ्याने चाकाच्या वरून हात घालून तळवा स्प्रिंगवर हलका टेकवायचा, बोटं वेटोळ्यात घालायची नाहीत. चांगली असली तर स्प्रिंग गुपचूप फिरते. जाम असली तर आधी थांबते, मग "टक्" करून झटक्यात सुटते, हाताला नक्की कळते. दोन्ही बाजू पाहा. तिथं काही नसलं तर मग स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट गंजला आहे का पाहायचा.

रिमवाला
स्कॅनर लावून गाडीतले बिघाडाचे कोड पाहिले तर लवकर कळेल. माझ्याकडे ब्लूटूथवाला आहे.

वर्धेकर
स्वस्तातला स्कॅनर बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतो, स्टेअरिंगचे नाही. अन् जाम बेअरिंगचा कोड येतच नाही.

आर्वीची_ताई
विषय चालू आहे म्हणून विचारते. आमच्या गाडीचं उलटं आहे, एसी लावून गाडी उभी असताना स्टेअरिंग एकदम भारी होते. नवं घ्यावं लागेल का?

जुना_फिटर
ताई, आधी बॅटरी पाहा. मोटर उभ्या गाडीत भरपूर करंट खाते. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरली असेल तर गरम पाण्याने धुऊन आवळून घ्या. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे. पण ही गोष्ट वेगळी, वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

पांदणरस्ता
पाहिलं. पुतण्याला स्टेअरिंगवर बसवलं अन् मी हात लावला. डावीकडे गुळगुळीत. उजवीकडे चार-पाच वेळा टक् टक्, अन् दरवेळी स्प्रिंग हातात उसळली. बॉनेट उघडलं तर त्या बाजूच्या माउंटिंगवरची टोपीच नाही. आत काळी माती वाळून घट्ट बसलेली, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावी लागली. म्हणजे हेच का?

जुना_फिटर
हेच. दोन्ही बाजूची बेअरिंग बदला, एकच नको. टोपी नवी लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. नंतर टो परत बसवून घ्या. स्टिकर पाहून हवा कमी करा.

पांदणरस्ता
काम झालं. शनिवारी यवतमाळला करून घेतलं. जुनं उजवं बेअरिंग हाताने फिरवलं तर फिरतच नव्हतं. हवा स्टिकरप्रमाणे केली.
सोमवारी यवतमाळ-कळंब-देवळी करत सेवाग्रामला गेलो. वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ होते. वेगात अजूनही थोडं हलकं वाटते, पण हात घट्ट धरून बसावं लागत नाही. आई परतताना देवळीपासून झोपली, ती आधी गाडीत झोपतच नव्हती.
जुना_फिटर भाऊ, तुमचे फार आभार. 13 चे रिम काढून मूळचे 12 चे लावले तर उरलेला फरकही जाईल का?

जुना_फिटर
थोडा जाईल. आधी महिनाभर अशीच चालव, टायर कडेने घासते का पाहजो. घासत नसेल तर राहू दे.