मदत हवी आहे: ओढ्यातलं नायट्रेट मॉडेलमध्ये जुळतच नाहीये

ओढाकाठ:
वाळवा तालुक्यातल्या एका ओढ्याचं स्वॅट मॉडेल (पाणलोटातलं पाणी आणि खत कसं वाहतं त्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) केलंय, प्रवाह छान जुळतो पण नायट्रेट काही केल्या जुळेना. मॉडेल म्हणतं जुलैच्या मोठ्या पावसात सगळं वाहून गेलं आणि दिवाळीनंतर जवळजवळ शून्य. नमुने नेमकं उलटं सांगतात, पावसाळ्यात कमी आणि जानेवारीत ओढा बारीक झाला की सगळ्यात जास्त. एनपरको (नायट्रेट पृष्ठभागावरनं किती वाहतं आणि खाली किती झिरपतं ते ठरवणारा पॅरामीटर) फिरवून फिरवून दमले, गाईड म्हणतात कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल नमुन्यांशी जुळवणं, नीट कर. पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, कुठला पॅरामीटर बदलू ते सांगा, प्लीज लवकर.

मिरजकर:
लॅबचा आकडा नायट्रेट म्हणून आहे की नायट्रेट-नायट्रोजन म्हणून? दोन्हीत 4.43 पटीचा फरक पडतो. पिण्याच्या पाण्याची 45 मिलीग्रॅम प्रति लिटरची मर्यादा नायट्रेटची आहे, स्वॅट हिशोब नायट्रोजनचा करतं.

ओढाकाठ:
ते बदलून घेतलंय हो. घोळ आकड्यात नाही, महिन्यात आहे.

येरळाकाठ:
स्वॅट ठेवा बाजूला. नमुना घेतला त्या दिवशीचा प्रवाह आणि सांद्रता यांचा गुणाकार एक्सेलमध्ये करा, लोड, म्हणजे एकूण किती नायट्रेट वाहून जातंय, ते लगेच कळेल. जानेवारीत सांद्रता कितीही दिसो, पाणीच एवढंसं असतं. हल्ली पोरं ओढ्यावर न जाता पॅरामीटरच फिरवत बसतात.

मिरजकर:
लोड कळेल, पण ते नायट्रेट कुठल्या वाटेनं आलं ते एक्सेल कसं सांगणार? त्यांचा प्रश्न तोच आहे.

मळीरान:
युरियात 46 टक्के नत्र असतं आणि आपल्याकडं पाटपाण्यावर पोतीच्या पोती ओततात, बरंचसं मुळाच्या खाली जातं. ठिबक करा, ठिबकमधनं खत द्या, मग ओढ्यात जाईलच कशाला? मी केलंय, उतारा पण वाढला.

शिवारफेरी:
ताई, एक सांगा, पाऊस ऑक्टोबरात संपतो तर जानेवारीत ओढ्याला पाणी येतं कुठनं? वर उपसा स्कीम आहे का?

ओढाकाठ:
आहे की, नदीवरनं आहे, सगळा ऊसच आहे. मॉडेलला पीक ऊस दिलंय, पाणी वेगळं दिलेलं नाही, प्रवाह जुळतोय ना.

शिवारफेरी:
मग मेख तिथंच आहे. नॅश-सटक्लिफमध्ये, म्हणजे मॉडेल किती जुळलं ते सांगणाऱ्या आकड्यात, फरकाचा वर्ग होतो, त्यामुळं पावसाळ्यातले मोठे प्रवाह जुळले की आकडा चांगला येतो, जानेवारीचा ओढा कोरडा दाखवला तरी त्याला काही वाटत नाही. प्रवाहाचा लॉग घेऊन परत बघा, मग लहान प्रवाहांनाही वजन येतं. आमच्या ओढ्याच्या दरडीत काळी माती आणि मुरूम जिथं मिळतात तिथनं जानेवारीत पाणी पाझरतं, बोट लावलं तर गार लागतं, आणि खाली पांढरं मीठ फुटलेलं असतं. ते पाणी पावसाचं नाही, उसाला दिलेलं नदीचं पाणी आहे, खत धुऊन खालनं येतंय. पावसाळ्यात तेच नायट्रेट पातळ होतं. सिंचन द्या, स्रोत पाणलोटाबाहेरचा लावा, खताच्या तारखा खऱ्या द्या. आडसाली जुलै-ऑगस्ट, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबर, सुरू जानेवारी-फेब्रुवारी, म्हणजे लागणीच तीन वेळा, भरणीचे डोस वेगळेच. मग उथळ भूजलातल्या नायट्रेटचं अर्धायुष्य (ते निम्मं व्हायला लागणारा काळ) आणि सुरुवातीची सांद्रता बघा. नुसत्या एनपरकोनं होणार नाही.

चोपणवाला:
मीठ फुटायचा विषय निघालाच आहे तर विचारतो, आमचं दीड एकर चोपण झालंय, जिप्सम किती टाकू?

खडकमाळ:
शिवारफेरींचं निम्मं पटतं. पण गावाचं गटार ओढ्यात येत असेल तर तेही उन्हाळ्याकडं सरकेल तसं जास्तच दिसणार, कारण पातळ करायला पाणी नाही. सगळं उसावर कशाला ढकलता? नमुने गावाच्या वर घेतलेत की खाली? क्लोराईड आणि अमोनिया मोजलंय का? त्यावरनं गटाराचा अंदाज येतो.

शिवारफेरी:
गटारानं अख्खा जानेवारी ओढा वाहता राहील का?

खडकमाळ:
वाहता उसानं राहील, पण नायट्रेट दोघांचंही असू शकतं ना.

ओढाकाठ:
नमुने पुलावरनं घेतलेत, पूल गावाच्या खालीच आहे. क्लोराईड आणि अमोनिया रिपोर्टमध्ये आहे, वापरलं नव्हतं. आता सिंचन टाकून रन लावते, पण उपशाच्या पाळीच्या तारखा कुठं मिळतील?

मळीरान:
पाटकऱ्याला विचारा, त्याच्या वहीत असतात.

खडकमाळ:
तोवर क्लोराईड-अमोनियाचा तक्ता महिन्यानुसार इथं टाका, रात्री बघतो. चोपणवाले दादा, माती तपासल्याशिवाय जिप्समचं सांगता येत नाही, वेगळा धागा काढा.