नाट्यशास्त्राची पदवी : हाताशी लागलेलं काम (अनुभव धागा)

धागाकर्ती
मंडळी, नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यायचा म्हटलं की घरून आणि मित्रांकडून पहिला प्रश्न येतो : तिथे शिकवतात तरी काय? पुण्याचं ललित कला केंद्र असो, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स असो, नाहीतर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग असो, पेपरांची नावं बदलतात. संहिता, आवाज, नेपथ्य, प्रकाश आणि प्रयोग उभा करणं यातून मात्र कुठेच सुटका नाही. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत. इथे ज्याला जे काम येतं ते त्याने मापासकट लिहावं. कुठे फसतं आणि का फसतं, हेही लिहा.

पहिली रांग
प्रवेशाच्या चाचणीपासून सुरुवात करते. स्वगत दोन-तीन मिनिटांचंच निवडा आणि ते पूर्ण नाटक वाचूनच निवडा. उतारा ज्या क्षणी सुरू होतो त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत त्या पात्राचं काय झालं, हे परीक्षक हमखास विचारतात. बहुतेक मुलं पहिल्याच वाक्याला टिपेचा सूर लावतात. मग वर जायला जागा उरत नाही आणि तीन मिनिटं एकाच पट्टीत जातात. दुसरा उतारा पहिल्यापेक्षा अगदी वेगळ्या चालीचा ठेवा.

परीक्षक मध्येच थांबवून म्हणतील, हेच आता भांडी घासता घासता म्हणून दाखवा. घाबरू नका, ती नापसंती नसते. सूचना घेऊन तुम्ही बदलू शकता का, एवढंच त्यांना बघायचं असतं. आरशासमोर हातवारे घोटून पाठ केलेली मुलं नेमकी इथे अडकतात, कारण हात बदलला की त्यांचं वाक्य विसरतं.

वाचिक
आवाजाबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे, कारण पदवीच्या पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त हेळसांड याचीच होते.

रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. उताणं झोपून गुडघे वर घ्या, एक हात बरगड्यांवर, एक पोटावर ठेवा. श्वास घेताना खांदे उचलले जात असतील तर श्वास वरवरचा आहे. मग ‘स्‌’ असा बारीक, एकसारखा सोडा. सुरुवातीला बारा-पंधरा सेकंदांत दम संपतो, तिथून हळूहळू पंचवीस-तीसपर्यंत जायचं. शेवटच्या पाच सेकंदांत गळा आवळून आकडा वाढवण्यात काही अर्थ नाही. त्याने घसा बसतो, दुसरं काही होत नाही.

आता उच्चार. मराठीत च, ज, झ दोन-दोन आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. ‘चार माणसं’ मधला च आणि ‘गुरांचा चारा’ मधला च वेगळा. ‘जन’ आणि ‘जण’ यांतला फरक फक्त न-ण चा नाही, ज सुद्धा वेगळा आहे. संहिता हातात आली की असे शब्द पेन्सिलने खुणावून ठेवा. बोलीतल्या पात्राचे उच्चार त्या भागातल्या माणसाकडून रेकॉर्ड करून घ्या. सगळी गावं एकाच ‘गावरान’ हेलात बोलवू नका, सोलापूर वेगळं आणि मालवण वेगळं.

सगळ्यात महत्त्वाचं : मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ म्हणताना श्वास संपून शेवट गिळला, तर बाराव्या रांगेत ‘मी त्याला पैसे दिले’ एवढंच पोचतं आणि नाटकाची गोष्टच उलटी होते. उपाय साधा आहे. श्वास ‘पैसे’च्या आधी घ्या, ‘दिले’नंतर नको. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि फक्त वाक्यांचे शेवट लिहून घ्यायला सांगा.

पोथी
‘वाचिक’ यांना जोडून. भरताच्या नाट्यशास्त्रातला नाट्यगृहाचा भाग मुलं रटतात : विकृष्ट (आयताकृती), चतुरस्र (चौरस), त्र्यस्र (त्रिकोणी). पाठ करण्यापेक्षा आलेखाच्या कागदावर काढा. विकृष्ट मध्यम (मधल्या आकाराचं) म्हणजे 64 हात लांब, 32 हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर 96 बाय 48 फूट. लांबीचे दोन भाग करा. पुढचे 32 हात प्रेक्षकांना. मागच्या भागाचे पुन्हा दोन करा, अगदी मागचे 16 हात नेपथ्यगृह, म्हणजे नटांची रंगभूषा-वेशभूषेची खोली. उरलेल्या 16 मध्ये रंगशीर्ष (रंगमंचाचा मागचा भाग) आणि रंगपीठ (पुढचा, अभिनयाचा भाग). मत्तवारणी (रंगपीठालगतचा एक भाग) नेमकी कुठे आणि कशी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. उत्तरात ते मतभेद म्हणूनच लिहा, एकच मत ठोकून देऊ नका.

यापेक्षा मोठं बांधू नका असं भरत सांगतो त्याचं कारणही तिथेच आहे : आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. म्हणजे वाचिक (बोलण्याच्या) आणि सात्त्विक (मनातले भाव दाखवण्याच्या) अभिनयाच्या गरजेतून इमारतीचं माप ठरलं. परीक्षेत हे एवढं वाक्य चित्राखाली आलं तरी उत्तर वेगळं उठून दिसतं.

मराठी रंगभूमीच्या इतिहासालाही हेच लागू. 1843 सांगली, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’, एवढं सगळेच लिहितात. सूत्रधार पदं गाणार आणि पात्रं आपलं बोलणं ऐनवेळी रचणार, ही प्रयोगाची रीत लिहिली तर 1880 च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये काय बदललं ते सांगता येतं. तिथे पात्रं स्वतः गाऊ लागली.

सूत-इंच
नेपथ्य. ग्राउंड प्लॅन (रंगमंचाचा वरून दिसणारा आराखडा) अर्धा इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात काढा. सुतार फूट, इंच आणि सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलतो, तुम्ही सेंटिमीटरमध्ये कागद दिलात तर तो मनातल्या मनात अंदाज बांधणार आणि दार दोन इंच अरुंद होणार. प्लॅनवर आधी मध्यरेषा, मग पडद्याची रेषा, मग विंगा. पहिल्या रांगेतल्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून पट्टी लावून नजरेच्या रेषा ओढा. ज्या भिंतीमागे महत्त्वाची एण्ट्री लपते ती भिंत तिरकी करा.

साधा फ्लॅट (कापड लावलेली भिंतीची चौकट) आठ बाय चार फुटांचा : दोन बाय एक इंचाच्या पट्ट्या, मध्ये एक आडवी, कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण. वर मांजरपाट. इथे सगळे एकच चूक करतात, कापड ढोलकीसारखं ताणून ठोकतात. खळ किंवा सरस लावल्यावर कापड आटतं आणि चौकट पिळवटते. हाताने दाबल्यावर किंचित दबेल इतपत सैल ठोका, वाळल्यावर ते आपोआप ताठ होतं. खळ पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नका, डाग उमटतात.

पायऱ्या सगळ्या एकाच उंचीच्या, सहा-सात इंच. एखादी इंचभर जरी वेगळी झाली तरी अंधारात नट तिथेच अडखळतो, कारण पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची ‘शिकलेला’ असतो.

डिमर
प्रकाशयोजनेचं गणित आधी, रंग नंतर. 1000 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर साधारण 4.3 अँपिअर ओढतो. 16 अँपिअरच्या पॉइंटवर असे तीनच लावा. चौथा लावला की 17 च्या वर जातं आणि ऐन प्रयोगात फ्यूज उडतो. कॉलेजच्या हॉलमध्ये पंखे, साउंड आणि दिवे एकाच लाइनवर असतात, ते दुपारीच तपासून घ्या.

चेहऱ्यासाठी समोरून दोन बाजूंनी, साधारण 45 अंशांवरून प्रकाश हवा. अगदी डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाची सावली ओठांवर. फोकस करताना नटाच्या जागी स्वतः उभे राहा. मार्कावर (ठरलेल्या जागेवर) नट येईल तेव्हा त्याच्या उंचीला प्रकाश लागायला हवा, जमिनीवरचं सुंदर वर्तुळ कामाचं नाही.

क्यू म्हणजे प्रकाश किंवा आवाज बदलण्याची ठरलेली खूण. क्यू शीटवर चार गोष्टी : क्रमांक, कोणत्या शब्दावर, काय बदलतं, किती सेकंदांत. मधे नवा क्यू आला तर 12.5 लिहा, पुढचे आकडे बदलत बसू नका. नाहीतर बाकी सगळ्या विभागांच्या वह्यांत घोळ होतो.

प्रॉम्प्टबुक
प्रयोगवहीला (प्रॉम्प्टबुक : संहिता, हालचाली आणि क्यू यांची वही) बहुतेक ठिकाणी गुण असतात आणि ती आदल्या रात्री लिहिलेली लगेच ओळखू येते. संहितेचं पान उजवीकडे चिकटवा, डावं कोरं ठेवा. हालचाली तिथे, पेन्सिलनेच.

वेळेचा हिशेब : दीड तासाच्या नाटकाला सहा आठवडे धरा. पहिला आठवडा वाचन, पुढचे दोन ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहतं, कुठे चालतं ते ठरवणं), चौथ्यात हातातली पानं सुटलीच पाहिजेत. शेवटच्या आठवड्यात तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम (वेशभूषेसकट पूर्ण प्रयोगासारखी) वेगवेगळ्या दिवशी. तांत्रिक तालमीत नटांनी अभिनय करायचा नसतो. क्यूच्या आधीचं वाक्य, क्यू, पुढच्या क्यूवर उडी. दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायला गेलात की प्रकाश अर्धवट आणि नट थकलेले.

लेखकाची लेखी परवानगी नाटक ठरल्या दिवशीच मागा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तालमीत वाक्यं बदलत राहतात, म्हणून कोणती संहिता पाठवली तिची एक प्रत तारखेसह वहीत लावून ठेवा.

नवी प्रवेशार्थी
प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंचं, कुणी सांगेल का? पहिल्या सत्रात तेच काम दिलंय.

प्रॉम्प्टबुक
विंगेत एक टेबल, त्यावर कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा मार्करने काढा आणि आत नाव लिहा. रिकामी आकृती दिसली की वस्तू कुठेतरी राहिली आहे हे अंधारातही कळतं. यादीत दोन रकाने हवेत : कोण आत नेतं, कोण बाहेर आणतं. दुसरा रकाना सगळे विसरतात, आणि दुसऱ्या अंकात कंदील लागतो तेव्हा तो डाव्या विंगेत असतो, नट उजव्या. पत्र, विडी, काडेपेटी, जे वापरून संपतं किंवा फाटतं, ते तालमींसकट मोजून आणा. आणि काडेपेटी घेण्याआधी सभागृहात आग पेटवायला परवानगी आहे का ते विचारा.