हेल्मेट नाही म्हणून मजुराची हजेरी कापणं बरोबर आहे का?

पर्वरीकर
मी एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. आमच्याकडे आणि ओळखीच्या इतर कंपन्यांतही सध्या एकच उपाय निघालाय: हेल्मेट किंवा सुरक्षा बेल्ट दिसला नाही की मजुराच्या हजेरीतून पैसे कापायचे. माझा याला ठाम विरोध आहे.

परांचीवर चढणाऱ्याला बेल्ट मिळतो, पण हुक अडकवायचा कुठे? लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची दोरी, ओढलेली नसते, स्लॅबच्या कडेला कठडा नसतो, लिफ्टच्या खड्ड्यावर प्लायवूडचा तुकडा टाकलेला असतो. मग तो हुक कमरेला लटकवूनच फिरतो, आणि दंडही त्यालाच. वरून पडणाऱ्या चिऱ्याच्या तुकड्यापासून हेल्मेट वाचवेल, पण तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याला ते वाचवत नाही. 2014 च्या जानेवारीत गोव्यात काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसच्या आसपास मजूर गेले. तिथे हेल्मेट असतं तरी काय झालं असतं?

मजुराला काम थांबवायचा हक्क द्या आणि थांबलेल्या वेळेचीही हजेरी भरा. दंड लावायचाच तर तो साइट इन्चार्जच्या बढतीला लावा.

म्हापशाचा कंत्राटदार
पर्वरीकरबाब, हे ऑफिसात बसून बोलायला सोपं आहे. माझ्याकडची माणसं झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून येतात. हंगाम संपला की गावी, आणि पुढच्या वेळी वेगळी टोळी. तुम्ही सुरक्षेची संस्कृती रुजवणार कुणात? दुचाकीवर हेल्मेट लोक समजूतदारपणे घालायला लागले का? चलन फाडलं तेव्हा घातलं. दंडाने आठवड्यात फरक दिसतो, मी स्वतः पाहिलाय.

आणि काम थांबवायचा हक्क? स्लॅब ओतायला घेतला, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या रांगेत उभ्या, आणि एकाने सांगितलं की टेकू हलतोय. अर्धा स्लॅब सुकला तर जोड कच्चा राहतो. तो खर्च कुणाचा?

पर्वरीकर
टेकू हलतोय हे तो बोलला, म्हणजे त्याने तुमची पूर्ण टोळी वाचवली! पावसात भिजलेल्या भरावावर टेकू उभे केले की खालची फळी रुतते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सेंट्रिंग, म्हणजे टेकू आणि फळ्यांचा साचा, तपासल्याशिवाय गाडी बोलावूच नये. जोडाचा प्रश्न खरा आहे, पण त्यावर तांत्रिक इलाज आहेत. स्लॅबखाली सापडलेल्या माणसावर कसला इलाज?

दंडाचं म्हणाल तर मजुरीच्या कायद्यात त्याला मर्यादा आहे. त्या मुदतीच्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही, कापण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि जमा झालेला पैसा कामगारांच्याच हितासाठी वापरावा लागतो. तुमच्याकडे हे होतं का?

साइटवरची ताई
मी सिव्हिल इंजिनियर, फोंड्याच्या बाजूला. दंडाच्या बाबतीत मला पर्वरीकरांचं पटतं, कारण आमच्याकडे दंड सुरू झाल्यावर वायरचा झटका लागलेली किंवा फळीवरून पाय घसरलेली माणसं सांगायचीच बंद झाली. थोडक्यात टळलेला अपघात कळला नाही, तर पुढचा कसा रोखणार?

पण कंत्राटदारांचाही मुद्दा खोडता येत नाही. खरा गोंधळ दरात आहे. चौरस फुटावर ठेका घेतलेला मेस्त्री लाइफलाइन बांधायला अर्धा दिवस देईल कशाला? त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. निविदेत परांची, जाळी, कठडा, बेल्ट या बाबी वेगळ्या मोजमापाने धरा. त्या झाल्या तर बिल निघेल, नाही झाल्या तर नाही. आज ज्याने त्यात काटकसर केली त्याचाच दर कमी बसतो आणि काम त्यालाच मिळतं.

म्हापशाचा कंत्राटदार
ताई, हे मान्य. वेगळी बाब धरा, मी उद्या जाळी लावतो. पण गोव्यातली बहुतेक कामं सरकारी निविदेची नाहीत, व्हिला आणि छोट्या इमारती आहेत. मालकाला टाइल्सचा दर पाठ असतो, जाळीचं नाव काढलं की म्हणतो दुसरा बघतो. आणि दंड मी बंद करणार नाही. सगळं दिलेलं असूनही बेल्ट न लावणारा माणूस असतोच.

डिचोलीकर
कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेप्रमाणे बांधकामावर 250 कामगार असतील तरच सुरक्षा अधिकारी सक्तीचा. गोव्यात तीस-चाळीस माणसांच्या साइट्स जास्त. तिथे मुकादमच सगळं काही. त्याला कोण शिकवतं?

पर्वरीकर
डिचोलीकर, म्हणूनच मी मुकादमापासून सुरुवात करा म्हणतो. रोज सकाळी काम वाटताना पाच मिनिटं, त्यांच्याच भाषेत, त्या दिवसाच्या धोक्याबद्दल. खोदाई असेल तर कडेला माती टाकायची नाही, पाऊस झाला असेल तर आधी वायरचे जोड आणि ट्रिप होणारा स्विच तपासायचा. टोळी बदलली तरी मुकादम सहसा तोच राहतो.

कंत्राटदारबाब, हुकासाठी जागा, कठडा, सगळं असूनही जो ऐकत नाही, त्याला त्या दिवशी उंचीवर चढवू नका. खाली काम द्या, हजेरी पूर्ण भरा. एवढं करून बघायला तयार आहात का?

म्हापशाचा कंत्राटदार
पुढच्या स्लॅबला करून बघतो. पण हजेरी पूर्ण भरायचं मी अजून कबूल केलेलं नाही.